नळयोजनेच्या सॉफ्टवेअरमधले शब्द कसे बदलले : आर्वी तालुक्यातलं एक प्रकरण

वर्धा नदीच्या काठाला आर्वी तालुक्यातलं एक गाव. नदीत जॅकवेल (पाणी उपसायची विहीर), तिथून पाणी उंच टाकीत, टाकीतून व्हॉल्व्ह फिरवून पाळीपाळीने एकेका वस्तीला पाणी, विदर्भातल्या कोणत्याही नळयोजनेसारखीच ही योजना. फरक इतकाच की इथे पंपहाऊसमधे एक रास्पबेरी पाय, म्हणजे हातात मावणारा छोटा कॉम्प्युटर बसवलेला आहे, आरएस-४८५ च्या (यंत्रं एकमेकांना जोडायच्या) वायरीवर त्याला पंपाचा व्हीएफडी (मोटरचा वेग सांभाळणारं यंत्र) आणि एनर्जी मीटर जोडलेत, लाईन आली की पंप आपोआप सुरू होतो, टाकी भरली की बंद, आणि उद्या कोणाची पाळी आहे त्याचा मेसेज आदल्या संध्याकाळी गावभर जातो. हे सॉफ्टवेअर ओपन सोर्स आहे, म्हणजे त्याचा कोड कोणालाही पाहता-बदलता येतो, इंजिनिअरिंगच्या काही पोरांनी सुरू केलं, आता आजूबाजूच्या आणखी काही गावांत चालतं. मी त्याचं मराठी भाषांतर आणि डॉक्युमेंटेशन बघते. गावाचं आणि माणसांचं नाव मुद्दाम लिहीत नाही, ज्या शब्दांवरून हे सगळं झालं ते शब्द इंटरनेटवर परत कोणाला चिकटायला नको.

सुरुवात मेसेजपासून झाली

मेसेज असा जायचा: उद्या सकाळी ६ ते ७, अमुक वस्ती, व्हॉल्व्ह ३. आता ही अमुक वस्ती म्हणजे आधी जातीचं नाव आणि त्याला जोडून पुरा. सॉफ्टवेअर बसवताना वस्त्यांची यादी ग्रामपंचायतीच्या जुन्या रजिस्टरवरून जशीच्या तशी टाईप झाली होती, बसवणाऱ्याला व्हॉल्व्हची नावं पाहिजे होती, त्याला जे कागदावर मिळालं ते त्याने टाकलं. रजिस्टरमधे होतं तोवर ते कपाटात होतं, मेसेजमधे आलं तसं रोज संध्याकाळी साऱ्या गावाच्या खिशात जायला लागलं. शाळेतल्या पोरांच्या हातातही घरचा मोबाईल असतोच, आणि त्या वस्तीतल्या पोरांना दुसऱ्या दिवशी शाळेत काय ऐकावं लागत असेल ते वेगळं सांगायला नको.

ग्रामसभेत पाणीपट्टीचा विषय चालू होता तेव्हा त्या वस्तीतली एक पोरगी उठली, आर्वीला बीएस्सी करते, आणि सरपंचताईंना म्हणाली, "ताई, पाणी आमच्या नळाले येते, मंग आमची जात साऱ्या गावाच्या मोबाईलवर कायले येते?" कोणाजवळ उत्तर नव्हतं. ग्रामसेवक म्हणाले रजिस्टरला तेच नाव आहे, सरपंचताई म्हणाल्या मेसेज कंपनीच्या सॉफ्टवेअरमधून येतो, आणि तिथेच मागे बसलेला आमचा बसवणारा पोरगा म्हणाला की कंपनी वगैरे काही नाही, आम्हीच आहोत, आणि बदलता येईल. त्याने त्याच रात्री प्रोजेक्टमधे तसा इश्यू (करायच्या कामाची नोंद) टाकला.

इथपर्यंत मामला सरळ होता. पण रविवारच्या कॉलवर हा विषय आला तेव्हा कोणीतरी म्हणालं की शब्द बदलायचेच तर कोडमधले मास्टर-स्लेव्हही बदलू (मालक-गुलाम, एक यंत्र हुकूम देतं आणि दुसरं पाळतं त्यासाठीचे जुने शब्द), ब्लॅकलिस्टही बदलू, मुख्य ब्रँचचं (कोडच्या मुख्य शाखेचं) मास्टर हे नावही मेन करू, सगळं एकाच झटक्यात. आणि त्यावर पुण्यात नोकरी करणारा एक जुना काँट्रिब्युटर (प्रोजेक्टला कोड लिहून देणारा) चिडला. त्याचं म्हणणं, हे अमेरिकेचं भांडण आहे, तिकडच्या गुलामगिरीचा इतिहास आपल्या डोक्यावर कशाला, पंप चालतो ना, मग कोडमधे राजकारण नको.

त्याचं म्हणणं मी हलक्यात घेत नाही, कारण अशी शंका बऱ्याच जणांना असते आणि प्रामाणिक असते. या बदलांची मोठी लाट तिकडूनच आली हे खरं आहे. २००३ मधेच लॉस एंजेलिस काउंटीने सामान पुरवणाऱ्यांना सांगितलं होतं की उपकरणांवर मास्टर-स्लेव्ह असं लिहू नका. वेबसाइट बनवायच्या जँगो या साधनाने २०१४ मधे हे शब्द काढले, पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत आणि रेडिस या डेटाबेसमधे २०१८ ला यावरून मोठा वाद झाला आणि बदलही झाले. मग मे २०२० मधे जॉर्ज फ्लॉइडचा पोलिसांच्या हातून मृत्यू झाला आणि त्यानंतरच्या काही महिन्यांत लिनक्स कर्नलपासून (लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) गिटहबपर्यंत (कोड ठेवायची वेबसाइट) सगळीकडे हे काम सुरू झालं. पण त्याच वर्षी, डिसेंबर २०२० मधे, आपल्या महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळानेही एक निर्णय घेतला, की राज्यातल्या वस्त्यांची आणि रस्त्यांची जातिवाचक नावं बदलून समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, शाहूनगर, क्रांतीनगर अशी नावं द्यायची. त्याला अमेरिकेची गरज पडली नव्हती. म्हणजे आमच्या डेटाबेसमधे जे पडून होतं ते बदलायचा निर्णय आमच्याच राज्याने आधीच घेतलेला होता, फक्त सॉफ्टवेअरपर्यंत तो पोचला नव्हता.

मी कॉलवर इतकंच मांडलं की सगळे शब्द एका पातळीवर नाहीत. ज्या शब्दात गावातला माणूस स्वतःबद्दल वाचतो तो शब्द पहिले बदलायचा, आजच. जो शब्द फक्त कोड लिहिणाऱ्याला दिसतो तो त्याच्यानंतर, आणि पंप बंद न पाडता. सगळं एका झटक्यात केलं तर लोकं ब्रँचच्या नावावर भांडत बसतील आणि त्या पोरीचा मेसेज तसाच जात राहील, आणि मोठ्या प्रोजेक्ट्समधे हे झालेलं दिसतंच, सगळ्यात सोपा आणि सगळ्यात दिसणारा बदल करून लोकं मोकळे होतात. हे पटलं, पुण्याच्या भाऊंनाही पटलं, किमान वस्तीच्या नावापुरतं.

नाव कोणी ठरवायचं

डेव्हलपरचा पहिला सल्ला ठरलेलाच असतो, नंबर द्या. झोन १, झोन २, झोन ३, कोणाला वाईट वाटायचा प्रश्न नाही. बसवणारा पोरगा हे घेऊन वस्तीत गेला तर समाजमंदिराच्या ओट्यावर बसलेली एक आजी म्हणाली, "नंबर कायले देतं बापू, आमी कैदी हावो का?" आणि तिनेच हात करून दाखवलं, वस्तीच्या तोंडाशी निळी कमान, त्यावर ठळक अक्षरात पंचशील नगर. कित्येक वर्षांपासून आहे. १४ एप्रिलच्या बॅनरवर तेच नाव, लग्नपत्रिकेवर तेच नाव, पोरांच्या आधार कार्डाच्या पत्त्यात पण काहींनी तेच घातलेलं. नाव शोधायचं नव्हतंच, ते लोकांनी स्वतः ठेवलेलं होतं, फक्त पंचायतीच्या रजिस्टरला आणि त्यामुळे आमच्या सॉफ्टवेअरला ते माहीत नव्हतं.

इनक्लुझिव्ह, म्हणजे कोणाला दुखावणार-वगळणार नाहीत अशा शब्दांच्या याद्या आता तयार मिळतात. नोव्हेंबर २०२० मधे सुरू झालेल्या इनक्लुझिव्ह नेमिंग इनिशिएटिव्हने तर शब्दांच्या पायऱ्या पाडून दिल्यात, कोणता लगेच बदला, कोणता नंतर, कोणता बदलायची गरज नाही. त्या याद्या कामाच्या आहेत, मी वापरते. पण पंचशील नगर हे कोणत्याच यादीत सापडलं नसतं. आणि आमच्या जिल्ह्यात तरी हे कोणी विसरू नये, सेवाग्राम इथेच आहे. गांधीजींनी चांगल्याच मनाने हरिजन शब्द रुजवला, पण ज्यांना तो लावला त्यांच्यातल्या अनेकांना तो मान्य नव्हता. १९३८ मधे मुंबईच्या विधानसभेत स्थानिक मंडळांच्या विधेयकात तो शब्द घालायची वेळ आली तेव्हा बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने विरोध केला आणि सभात्याग केला. चांगल्या हेतूने बाहेरून दिलेलं नावसुद्धा नाकारायचा हक्क लोकांना असतो. म्हणून आम्ही प्रोजेक्टच्या नियमात लिहून टाकलं की वस्तीचं नाव त्या वस्तीतली माणसं सांगतील, बसवणारा सुचवणार नाही, आणि सरकारी कागदावर वेगळं असलं तरी स्क्रीनवर आणि मेसेजमधे लोकांचंच नाव जाईल.

आता बदलायचं म्हटलं तर एका ओळीचं काम वाटलं होतं, पण तसं नव्हतं. डेटाबेस एसक्यूलाइटचा, आणि ज्याने पहिल्यांदा टेबल बनवलं त्याने वस्तीचं नाव हीच प्रायमरी की (नोंद ओळखायची एकमेव खूण) केली होती. म्हणजे पाणी सोडल्याच्या प्रत्येक नोंदीत, व्हॉल्व्हच्या प्रत्येक दुरुस्तीत, दर महिन्याला पंचायतीला जाणाऱ्या सीएसव्हीत (तक्त्याच्या साध्या फाईलमधे), सगळीकडे ते जातीचं नावच किल्लीसारखं अडकवलेलं. नाव बदललं की जुन्या सगळ्या नोंदी अनाथ. माझ्या मते हीच या प्रकरणातली सगळ्यात शिकण्यासारखी तांत्रिक गोष्ट आहे, माणसाच्या किंवा जागेच्या नावाला कधीच की बनवू नये, नाव हे बदलणारच असतं, लग्नानंतर बदलतं, धर्मांतरानंतर बदलतं, ठरावाने बदलतं.

पोरांनी मग वस्तीचं वेगळं टेबल केलं, त्यात आकड्याची आयडी, दाखवायचं नाव वेगळ्या कॉलममधे, आणि पंचायतीच्या फाईलमधून जुनं नाव आलंच तर ते कोणत्या आयडीचं हे ओळखायला एक छोटं तिसरं टेबल, जे स्क्रीनवर कुठेच दिसत नाही. आणि हे सगळं मायग्रेशन (जुन्या नोंदी नव्या टेबलांत हलवणं) एकाच ट्रान्झॅक्शनमधे. गावात लाईन कधी जाईल नेम नाही, अर्ध्यावर लाईन गेली तर अर्ध्या नोंदी नव्या अर्ध्या जुन्या असं व्हायला नको, एकतर पूर्ण व्हावं नाहीतर काहीच होऊ नये. त्यांनी चालू मायग्रेशनमधे मुद्दाम प्लग काढून पाहिला, डेटा जागेवर होता.

एक गोष्ट नंतर लक्षात आली. रेपॉझिटरीमधे (प्रोजेक्टचा कोड ठेवतात तिथे) टेस्टसाठी जो नमुना डेटा ठेवला होता त्यातही खऱ्या गावाची तीच नावं होती, म्हणजे सॉफ्टवेअर जगात कोणीही डाऊनलोड केलं तरी ती सोबत जायची. तो डेटा काढून नदी आणि झाडांच्या नावाच्या काल्पनिक वस्त्या टाकल्या. गिटच्या, म्हणजे कोडमधला प्रत्येक बदल जपून ठेवणाऱ्या साधनाच्या, इतिहासात ती नावं अजून आहेत. इतिहास पुसून परत लिहिता येतो, पण मग सगळ्यांच्या क्लोन (उतरवून घेतलेल्या प्रती) बिघडतात, आणि पंपहाऊसमधल्या डब्यांना (त्या छोट्या कॉम्प्युटरना) तर कोण जाऊन दुरुस्त करणार, म्हणून तो निर्णय झाला नाही. मला हे पूर्ण पटलेलं नाही, पण कारण समजतं.

स्क्रीनवरचे मालक आणि गुलाम

कोडमधे मास्टर-स्लेव्ह होतं ते मॉडबसमुळे, म्हणजे कॉम्प्युटर आणि मीटर ज्या नियमाने एकमेकांशी बोलतात त्या प्रोटोकॉलमुळे. पण स्क्रीनच्या मराठी भाषांतरात, जे सुरुवातीला कोणीतरी मशीनवरून करून घेतलं होतं, त्याचं मालक आणि गुलाम झालं होतं. पंपहाऊसच्या छोट्या स्क्रीनवर अक्षरशः लिहून यायचं, गुलाम ३ प्रतिसाद देत नाही.

पंप सांभाळणारे काकाजी पन्नाशीच्या पुढचे. त्यांना विचारलं तर म्हणाले, "मी तं कलरच पायतो भाऊ, हिरवा तं चालू, लाल तं बंद. पन हे गुलाम-गिलाम काहून लिवलं? माहा बाप साल धरून होता पाटलाकडं, आमच्या घरात हा शब्द चांगला नाही वाटत." ज्याला विदर्भातली शेती माहीत आहे त्याला साल धरणं म्हणजे काय ते माहीत आहे, गुढीपाडव्याला साल ठरतं, उचल आधीच घेतलेली असते, आणि मग वर्षभर मालकाच्या शब्दाबाहेर नाही. तर अमेरिकेचं भांडण इकडे कशाला या प्रश्नाचं उत्तर मला त्या पंपहाऊसमधे मिळालं. इकडे तो शब्द ज्याला रोज वाचावा लागतो त्याच्या बापाची गोष्ट त्यात आहे.

यावर मुख्य आणि दुय्यम, नियंत्रक आणि उपकरण असे बरेच पर्याय सुचवले गेले, पण काकाजी मीटरला काय म्हणतात ते ऐकल्यावर सगळे मागे पडले. ते म्हणतात नदीवरचा मीटर, टाकीजवळचा मीटर. बस. स्क्रीनवर आता तेच येतं, टाकीजवळचा मीटर बोलत नाही, वायर पाहा. पंप चालवणाऱ्याला कोण कोणाला हुकूम देतो हे जाणून घ्यायचंच नव्हतं, कुठली वायर पाहायची हे पाहिजे होतं, आणि आता फोनवर बिघाड सांगतानाही गोंधळ होत नाही.

कोडच्या आतलं काम

इथे जास्त भावनिक काही नाही पण इथेच पंप बंद पडायची भीती होती. मॉडबस ऑर्गनायझेशनने स्वतःच जुलै २०२० मधे मास्टर-स्लेव्ह सोडून क्लायंट-सर्व्हर वापरायचं जाहीर केलं. आणि चांगली गोष्ट ही की वायरीवरून जे जातं त्यात हे शब्द कधी नव्हतेच, पहिला बाइट पत्त्याचा, १ ते २४७ मधला एक आकडा, मग फंक्शन कोड (काय करायचं ते), मग डेटा, शेवटी सीआरसी (चूक तपासायचा आकडा). मीटरला काहीच कळत नाही आपण त्याला काय म्हणतो ते.

अडचण कॉन्फिग (सेटिंगच्या) फाईलची. प्रत्येक पंपहाऊसमधे एक फाईल, त्यात 'स्लेव्ह आयडी' नावाची की (इथे की म्हणजे सेटिंगचं नाव). काही गावांत नेट नाही, डबा बसवल्यापासून कोणी अपडेट केला नाही, उद्या कोणी पेन ड्राइव्हवरून नवीन व्हर्जन टाकलं आणि प्रोग्रॅमला जुनी की कळली नाही तर पंप सुरूच होणार नाही, आणि ऐन मे महिन्यात असं झालं तर गाव आमच्या नावाने बोंबलेल, आणि बरोबरच बोंबलेल. म्हणून नवीन की डिव्हाइस आयडी, पण जुनीही चालते, लॉगमधे फक्त एक सूचना येते. रेडिसने हेच केलं होतं, ५.० मधे रेप्लिकाऑफ कमांड आणली आणि जुनी स्लेव्हऑफ चालू ठेवली. मायएसक्यूएल या डेटाबेसने ८.०.२२ पासून रेप्लिकावाल्या नवीन कमांड दिल्या, जुन्या काही वर्षं सोबत चालवल्या आणि ८.४ मधे काढून टाकल्या. मोठ्या डेटाबेसच्या मागे पूर्णवेळ सांभाळणारी माणसं असतात म्हणून तिथे जुनं काढून टाकायचा रस्ता चालतो, पंपहाऊसच्या मागे काकाजी आहेत, म्हणून आम्ही रेडिसचा रस्ता घेतला. लिनक्स कर्नलचा नियमही पाहण्यासारखा आहे, नवीन कोडमधे हे शब्द आणू नका, पण बाहेरचे प्रोग्रॅम ज्यावर अवलंबून आहेत ते तोडू नका, आणि जुनं हार्डवेअर किंवा प्रोटोकॉलचं स्पेसिफिकेशनच तो शब्द मागत असेल तर तिथे सूट.

आम्ही वापरतो त्या पायमॉडबस लायब्ररीत (मॉडबसवर बोलायचा तयार कोड) याच सेटिंगचं नाव आधी युनिट होतं, मग स्लेव्ह झालं, ३.१० पासून डिव्हाइस आयडी आहे. म्हणजे नुसती लायब्ररी अपडेट केली तरी कोड पडू शकतो, त्यामुळे व्हर्जन पक्कं बांधून ठेवलं आणि आमचा बदल त्याच्यासोबतच केला.

डॉक्युमेंटेशनमधे मी एक जागा जाणूनबुजून जुन्या शब्दाला ठेवली आहे. बाजारात मिळणाऱ्या मीटरच्या पुस्तकात आणि मीटरच्या मेनूत अजूनही स्लेव्ह आयडी असंच येतं. आर्वीचा इलेक्ट्रिशियन तो आकडा सेट करायला बसला आणि त्याला डिव्हाइस आयडी कुठे दिसलाच नाही तर तो काय करेल. म्हणून एकदाच, स्पष्ट लिहिलंय, तुमच्या मीटरवर या सेटिंगला स्लेव्ह आयडी म्हटलेलं असू शकतं, तीच ही. शब्द बदलायच्या नादात माणसाचं काम अडायला नको, यावर मी ठाम आहे.

ब्रँचचं नाव शेवटी घेतलं. गिटहबने १ ऑक्टोबर २०२० पासून नवीन रेपॉझिटरीला मेन हे नाव द्यायला सुरुवात केली, त्याच्या आधी जुलैत गिटच्या २.२८ मधे आपल्या मर्जीचं नाव ठेवायची सेटिंग आली होती. ब्रँच बदलली की गिटहब वेबच्या लिंका नव्या नावाकडे वळवतं, पण डब्यातली अपडेट स्क्रिप्ट जी थेट मास्टर ब्रँच ओढते ती बिचारी अडकते. म्हणून मेन केलं, आणि जुन्या नावाची ब्रँच तिच्यासोबत आपोआप पुढे सरकत राहील असं करून ठेवलं, सगळे डबे नव्या नावावर येईपर्यंत.

काळ्या यादीचं वेगळंच निघालं

कोडमधे ब्लॅकलिस्टचं ब्लॉकलिस्ट करणं दोन मिनिटांचं काम. पण स्क्रीनवर काळी यादी म्हणजे ज्यांची पाणीपट्टी थकली त्यांची नावं, आणि ती पंचायतीच्या व्हरांड्यातल्या टीव्हीवर दिवसभर फिरायची. त्याला थकबाकीदार म्हणा की आणखी काही, नावं तीच आणि टीव्ही तोच. इथे नुसता शब्द बदलून इनक्लुझिव्ह झालो म्हणणं मला खोटं वाटलं आणि मी तसं कॉलवर बोलले. त्या यादीत कोण होतं ते पाहिलं तर ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर गेलेली घरं, महिनोनमहिने दाराला कुलूप, आणि काही एकट्या बायकांची घरं जिथे कुटुंबप्रमुख म्हणून मेलेल्या नवऱ्याचंच नाव अजून चालू होतं, म्हणजे बिल कोणाच्या नावाने येतं हेच त्यांना धड कळत नव्हतं.

सरपंचताईंनी इथे ठाम भूमिका घेतली, टीव्हीवरून यादी बंद. आता ज्याची बाकी आहे त्याच्याच मोबाईलवर बाकीचा मेसेज जातो, सोबत हप्त्याने भरायची सोय कशी ते. आणि कुटुंबप्रमुखाच्या रकान्यात आज घर कोण चालवतं त्याचं नाव, नवऱ्याचं नाव सक्तीचं नाही. हे बदल शब्दांच्या इश्यूत बसत नाहीत असं एकजण म्हणाला, पण शब्दाच्या मागे गेल्याशिवाय हे दिसलंच नसतं.

सध्या परिस्थिती अशी आहे. मेसेज पंचशील नगर नावाने जातो. बाकीच्या गावांपैकी काहींनी आपापल्या वस्त्यांची नावं लोकांना विचारून बदलली, काहींनी अजून नाही, आणि नवीन व्हर्जन बसवताना प्रत्येक वस्तीचं नाव तिथल्या माणसांना विचारून भरलं का असा प्रश्न येतो, तो वगळून पुढे जाता येत नाही. पुण्याच्या भाऊंनी ब्रँचच्या बाबतीत मत बदललेलं नाही, पण मायग्रेशनची सगळ्यात अवघड स्क्रिप्ट त्यांनीच लिहून दिली. घराच्या नमुना ८ वर (पंचायतीचा घरपट्टी आकारणीचा कागद) मात्र अजून जुनंच नाव छापून येतं, कारण तो कागद आमच्या सॉफ्टवेअरमधून निघत नाही. ग्रामसभेने नाव बदलायचा ठराव केला आहे, तो वर गेला आहे, आणि तो मंजूर होऊन रजिस्टर बदलेपर्यंत आमचं ते तिसरं टेबल ठेवावंच लागणार आहे. ठराव मंजूर झाला की ते काढायचा इश्यू आत्ताच उघडून ठेवला आहे.